वैमानिकाचा धनी : एका निवडीचा इतिहास

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून अकोला, बडनेरा, चांदूर, धामणगाव, वर्धा असा १८६७ साली नागपुरास पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. तेव्हापासून या चांदुराच्या नावाला जी 'रेल्वे' चिकटली ती कायमची. शेजारच्या धामणगावाचीही तीच कथा. गावाचे नाव देवावरून, झाडावरून, एखाद्या पाटलावरून पडते. येथे मात्र ते एका कंपनीच्या आगमनाने पुरे झाले.

आता त्याच पंचक्रोशीत आणखी एक वाहन आले आहे. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याआधी, २०२४ साली, एअर इंडियाने याच विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा केली होती. वर्षाला १८० वैमानिक आणि त्यांच्यासाठी ३४ शिकाऊ विमाने असा तो संकल्प. ज्या घरांत रेल्वेची, शाळेची किंवा बँकेची नोकरी लागली की कृतार्थ वाटत असे, त्या घरांत यापुढे एक नवा प्रश्न येणार आहे. मुलाने वा मुलीने विमान चालवण्याचा व्यावसायिक परवाना मिळवला; आता नोकरी कोणाकडे धरावी? इथल्या या कंपनीत की त्या कंपनीत? की चार वर्षे काढून दुबई, दोहा गाठावे? या शिक्षणाचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो, आणि शेतकरी कुटुंबात तो बहुधा जमीन विकून किंवा गहाण टाकून उभा राहतो. तेव्हा प्रश्न लहान नाही.

या प्रश्नाचे उत्तर साधारणतः पगाराच्या आकड्यांनी दिले जाते. आकडे महत्त्वाचे नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वैमानिकाची नोकरी तिशी-चाळीस वर्षांची असते आणि पगाराचा आकडा फार तर पाच वर्षे खरा राहतो. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहावा, असे आम्हांस वाटते. भारतात वैमानिकाला आजवर कोणकोणते धनी मिळाले आणि त्या धन्यांचे पुढे काय झाले, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

प्रारंभ रेल्वेपासूनच करू, कारण एका धन्याच्या कौशल्याची गोष्ट तेथे स्पष्ट दिसते. १८९९ साली याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या तारायंत्रावर काम करणाऱ्या हिंदी सिग्नलरांनी संप केला. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांची बाजू घेतली. तरीही कंपनी नमली नाही आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांची अडचण अशी की, त्यांनी कमावलेल्या विद्येला त्या मार्गावर दुसरा गिऱ्हाईक नव्हता. ज्याच्या हुन्नराला एकच खरेदीदार असतो, त्याला भाव करता येत नाही. कापूस एकाच अडत्याला घालावा लागणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावयास नको. पुढे ती कंपनी १९२५ साली सरकारच्या ताब्यात गेली, १९५१ साली मध्य रेल्वेत सामावली. धनी बदलला, पण रूळ, स्थानक आणि नोकरी जागेवरच राहिली. रेल्वेच्या नोकरीविषयी आपल्याकडे जो गाढ विश्वास आहे, त्याचे मूळ या अनुभवात आहे. विमानकंपन्यांच्या बाबतीत हाच विश्वास जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरते.

भारतातील नियमित हवाई टपालाचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला पुस मॉथ विमान उतरवले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या वेळी धनी आणि वैमानिक हे एकच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली, युद्धात शिकलेले वैमानिक मोकळे झाले आणि कंपन्यांचे पीक आले. १९४९ साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, त्याचे मध्यस्थान नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परतत.

परंतु त्या काळच्या कंपन्यांचे जमाखर्च जुळत नव्हते. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या धंद्याची चौकशी केली, तेव्हा उपलब्ध वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्या, हे स्पष्ट झाले. अखेर १ ऑगस्ट १९५३ पासून राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत वाहतुकीच्या आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स बनली, आणि परदेशी वाहतूक एअर-इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे भारतीय वैमानिकासमोर नागरी क्षेत्रात खरे तर दोनच धनी होते, आणि दोघांचाही मालक एकच होता.

येथे थोडे थांबून सेवाज्येष्ठतेच्या यादीविषयी सांगणे अवश्य आहे, कारण बाहेरच्या माणसास तिचे महत्त्व कळत नाही. बहुतेक विमानकंपन्यांत वैमानिकाला रुजू होताना एक क्रमांक मिळतो. सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा होणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर केव्हा जाणार, मुक्काम कोणत्या शहरी मिळणार, दिवाळीची रजा कोणाला मिळणार, हे सारे बव्हंशी त्या क्रमांकावर ठरते. हा क्रमांक म्हणजे वैमानिकाचा सातबारा. फरक इतकाच की, तो त्या कंपनीच्या शिवारापुरताच चालतो. दहा वर्षांचा अनुभवी वैमानिक दुसऱ्या कंपनीत गेला की अनुभव त्याच्याबरोबर जातो, क्रमांक जात नाही. तेथे तो पुन्हा यादीच्या तळाशी उभा राहतो. इंजिनिअर किंवा डॉक्टर नोकरी बदलतो तेव्हा बहुधा वर चढतो. वैमानिक बदलतो तेव्हा पगारात चढतो, पण रांगेत खाली उतरतो. नोकरीची निवड या व्यवसायात इतकी जड का, याचे कारण येथे आहे.

आता आपण १९८५ हे वर्ष कसोटीसाठी घेऊ. समजा, त्या वर्षी चांदूर रेल्वेतील बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण परवाना घेऊन उभा आहे. (हा तरुण आमच्या कल्पनेतला आहे, त्याच्यासमोरचे पर्याय मात्र खरे आहेत.) त्याच्यापुढे एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स आणि १९८१ साली सुरू झालेली छोट्या मार्गांवरची वायुदूत अशा तीन सरकारी संस्था होत्या. घरच्या वडीलधाऱ्यांनी निःशंकपणे 'सरकारी आहे ना, मग झाले' असे म्हटले असते, आणि त्यांचे चुकले असते असेही नाही. पण काय झाले पाहा. वायुदूत १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. इंडियन एअरलाइन्सचे २००५ साली 'इंडियन' असे नामांतर झाले आणि २००७ साली ती एअर इंडियात विलीन झाली. ती एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांकडे गेली. त्याच १९८५ साली, ऑक्टोबरच्या २५ तारखेला, दुबईत पाकिस्तान इंटरनॅशनलकडून भाड्याने घेतलेल्या दोन विमानांवर एक नवी कंपनी सुरू झाली, तिचे नाव एमिरेट्स. भाड्याच्या दोन विमानांच्या कंपनीत मुलाला घाला, असे त्या वेळी चांदुरातच काय, मुंबईतही कोणी शहाण्याने सांगितले नसते. आज ती जगातील सर्वांत मोठ्या विमानकंपन्यांपैकी एक आहे.

यातून कोणी असा निष्कर्ष काढील की भविष्य कळत नाही, तेव्हा निवड करण्यात अर्थ नाही. आमचा निष्कर्ष निराळा आहे. धनी टिकेल की नाही, हे सांगता येत नाही हे खरे. पण तो संपला तर कसा संपेल, हे पुष्कळसे सांगता येते. गेल्या चाळीस वर्षांत वैमानिकांचे धनी तीन प्रकारे संपले, आणि प्रत्येक प्रकारात वैमानिकाच्या पदरी काय उरले ते वेगळे आहे.

पहिला प्रकार विलीनीकरणाचा. सरकारी धनी सहसा बंद पडत नाही, तो दुसऱ्यात मिसळतो. पगार चालू राहतो, निवृत्तीचे पैसे बुडत नाहीत. भांडण होते ते यादीवरून. दोन याद्या एकमेकींत गुंफताना कोणाच्या वर कोण, हा तंटा दोन भावांच्या वाटणीसारखा वर्षानुवर्षे चालतो. २००७ च्या विलीनीकरणानंतर असेच झाले. २०११ साली पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीने २०१२ च्या आरंभी कर्मचाऱ्यांच्या एकत्रीकरणाविषयी अहवाल दिला. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी, नव्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार म्हणून, ५८ दिवसांचा संप केला. बाहेरून पाहणाऱ्यास हा संप क्षुल्लक मानापमानाचा वाटला. ज्याने वीस वर्षे त्या मोठ्या विमानासाठी रांगेत काढली, त्याच्या दृष्टीने तो शेताच्या बांधाचा प्रश्न होता. कोणाची बाजू न्याय्य होती हा वाद येथे नको. विलीनीकरणात भाकरी राहते आणि बांध सरकतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

दुसरा प्रकार बंद पडण्याचा. नव्वदीच्या आरंभी आकाश खासगी कंपन्यांसाठी मोकळे झाले, आणि १९९४ साली १९५३ चा कायदाही रद्द झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट अशी नवी नावे आली. त्यांना तयार वैमानिक हवे होते आणि तयार वैमानिक इंडियन एअरलाइन्सकडेच होते. जास्त पगार आणि लवकर मिळणारे कॅप्टनपद या दोन गोष्टींनी पुष्कळांना ओढले. जे राहिले तेही वेतनावरून अस्वस्थ झाले आणि १९९२ च्या अखेरीस मोठा संप झाला. सरकारने परदेशातून वैमानिकांसह विमाने भाड्याने आणून वाहतूक चालवली. त्यांपैकी एक तुपोलेव्ह विमान ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धावपट्टीवर उतरताना उलटले. जीवितहानी झाली नाही हे केवळ सुदैव. भारतीय वैमानिकाला आपल्या हुन्नराची किंमत प्रथमच कळली ती या काळात. १८९९ च्या सिग्नलरांना जे मिळाले नव्हते, ते दुसरे गिऱ्हाईक त्याला मिळाले होते.

पण गिऱ्हाईक आले तसे गेलेही. ईस्ट-वेस्ट १९९६ मध्ये बंद पडली. दमानिया आणि मोदीलुफ्तही त्या दशकात नाहीशा झाल्या. २००५ साली थाटामाटात आलेली किंगफिशर २०१२ साली, कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकवून, थांबली. जेट एअरवेज पंचवीस वर्षे टिकली. 'खासगीतली सरकारी' म्हणावी इतका लोकांचा तिच्यावर भरवसा होता. तीही १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. गो फर्स्टची विमाने ३ मे २०२३ पासून उडाली नाहीत. या प्रकारात यादीच फाटते. पंचवीस वर्षांची ज्येष्ठता एका सकाळी शून्य होते आणि थकलेल्या पगारासाठी बँकांच्या मागे रांगेत उभे राहावे लागते.

मग उरते काय? परवाना, उड्डाणाचे तास आणि विशिष्ट विमानाची पात्रता, जिला व्यवसायात 'टाइप रेटिंग' म्हणतात. यातही तारतम्य आहे. जेट बंद पडली तेव्हा बोइंग ७३७ चालवणाऱ्यांना इतर कंपन्यांनी, कमी पगारावर का होईना, घेतले, कारण ते विमान देशात दुसरीकडेही होते. बोइंग ७७७ चालवणाऱ्यांना मात्र देशात एअर इंडियाखेरीज ठिकाण नव्हते. मोठे विमान ही वैमानिकाची प्रतिष्ठा. पण कंपनी बुडाली की सर्वत्र चालणारे छोटे विमानच कामास येते. वऱ्हाडी शेतकरी यास 'सोन्याचा दागिना की मोडीस जाणारे भांडे' अशा हिशेबाने सहज समजेल.

तिसरा प्रकार परदेशातल्या धन्याचा. तेथे कंपनी बहुधा बुडत नाही. आपलीच पाठवणी होते. आखाती देशांत पगारावर आयकर नाही, राहण्याची आणि मुलांच्या शाळेची सोय कंपनी पाहते, विमाने नवी असतात, मार्ग जगभरचे असतात. हे सारे खरे आहे आणि ज्यांनी ते निवडले त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु तेथील वास्तव्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत घर, शाळा आणि देश तिन्ही सोडावे लागतात. संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटना काढण्याची मुभा नाही, त्यामुळे १८९९ किंवा २०१२ सारखा संप तेथे संभवत नाही. २०२० च्या महासाथीत विमाने जमिनीवर आली तेव्हा एमिरेट्सने आणि एतिहादने वैमानिकांना कमी केले. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने तर कॅथे ड्रॅगन ही उपकंपनीच ऑक्टोबर २०२० मध्ये बंद केली. भारतात त्याच काळी वैमानिकांचे पगार मोठ्या प्रमाणात कापले गेले, काहींच्या नोकऱ्याही गेल्या. पण ज्याची नोकरी येथे गेली तो निदान आपल्या गावी येऊन बसू शकला. परदेशात नोकरी जाणे आणि बिऱ्हाड मोडणे या दोन गोष्टी एकाच दिवशी होतात.

परदेशी जाण्याच्या वाटेवर देशातही फाटक आहे. हवाई वाहतूक महासंचालनालयाने २००५ साली वैमानिकांना राजीनाम्यापूर्वी सहा महिन्यांची सूचना देणे बंधनकारक केले. २०१७ साली कॅप्टनसाठी ही मुदत एक वर्ष झाली. कोणताही नवा धनी वर्षभर थांबत नाही, म्हणून काही जण मुदत न पाळता जातात. २०२३ साली अकासा एअरमधून असेच चाळीसच्या वर वैमानिक गेले आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. २०२५ साली भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेपुढे, परदेशी कंपन्या आमचे अनुभवी वैमानिक ओढून नेतात, त्यास आचारसंहिता असावी, असे गाऱ्हाणे मांडले. हे गाऱ्हाणे समजण्याजोगे आहे. पण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे कंपन्या वेगाने वाढल्या, तेव्हा आपल्याच कंपन्यांनी परदेशी कॅप्टन आणून विमाने चालवली होती, हेही विसरता येत नाही. मालकास वैमानिक हवा असतो तेव्हा बाजार खुला असावा असे वाटते. वैमानिक जाऊ लागला की तोच बाजार त्याला लूट वाटतो. आणि त्याच २०२५ च्या डिसेंबरात, विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर, इंडिगोला पुरेसे वैमानिक नसल्याने हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. वैमानिक का जातो, याचे उत्तर पगाराइतकेच त्याच्या झोपेतही शोधावे लागते.

एवढा इतिहास पाहिल्यावर निवड कशी करावी, याविषयी काही म्हणता येईल. पहिली गोष्ट, दोनशे तासांचा नवा परवानाधारक खऱ्या अर्थाने निवड करतच नाही. जो घेईल त्याच्याकडे त्याने जावे, आणि तास जमवावेत. परदेशी कंपन्या बहुधा अनुभवी माणूस मागतात. तेव्हा परदेश हा दुसरा किंवा तिसरा टप्पा आहे, पहिला नव्हे. दुसरी गोष्ट, प्रत्येक धन्याच्या बाबतीत 'हा किती देतो' यापुढे जाऊन 'हा संपला तर माझ्या हाती काय राहील' असे विचारावे. करारपत्रातील बंधपत्राची रक्कम, सूचनेची मुदत, थकलेल्या देण्यांची तजवीज, शिकवले जाणारे विमान इतरत्र चालते की नाही, या चार ओळी पगाराच्या ओळीपूर्वी वाचाव्यात. तिसरी गोष्ट, परदेशी गेलेल्याने भारतीय परवाना आणि वैद्यकीय पात्रता जिवंत ठेवावी. त्याचा खर्च आणि कटकट असते. पण परतीच्या तिकिटासारखी ती जवळ असावी. चौथी गोष्ट घरच्यांसाठी आहे. ज्या शिक्षणासाठी जमीन गेली, त्याचे कर्ज मुलाच्या पहिल्या धन्याच्या भरवशावर पाच वर्षांत फेडण्याचा हिशेब मांडू नये. त्या कर्जाचे ओझे असले की वैमानिक सर्वांत जास्त पगाराकडे धावतो, आणि सर्वांत जास्त पगार देणारा धनी सर्वांत आधी बुडाल्याची उदाहरणे वर आलीच आहेत.

बेलोऱ्याच्या धावपट्टीवर जे शिकतील, त्यांपैकी बहुतेकांची नोकरी इसवी सन २०६५ च्या पुढेही चालू असेल. त्या वेळी आजच्या कंपन्यांपैकी कोणती नावे उरलेली असतील, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. १९८५ साली ज्यांनी सांगितले असते, त्यांचे काय झाले असते ते आपण पाहिले. तास, परवाना आणि सचोटीची नोंद एवढे मात्र कोणत्याही धन्याकडून दुसऱ्याकडे नेता येते. मुलामुलींना विमान शिकवण्यास निघालेल्या वऱ्हाडातील घरांनी जमीन गहाण टाकताना एवढा विचार केला, तर धनी कोणता निवडला याची पुढे फारशी धास्ती बाळगावी लागणार नाही.